रोजची पंचवीस मिनिटे

मित्रांनो, मी एक जुने घड्याळ आहे. भिंतीवर शोधाल तर सापडणार नाही, मनगटावरही नाही. मी एका रंगाऱ्याच्या डोक्यात बसलेलो आहे. दोन्ही डोळ्यांच्या नसा आत जाऊन जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या अगदी वरच्या अंगाला माझे बिऱ्हाड. आकार म्हणाल तर तांदळाच्या दाण्याएवढा. हसू नका! त्या दाण्यात वीसेक हजार पेशी आहेत आणि त्यांतली एकही कामचुकार नाही. तुमच्याही डोक्यात माझा एक भाऊबंद आहे. तुम्ही त्याला कधी विचारले नसेल, पण झोप कधी यावी, जाग कधी यावी, भूक कधी लागावी, हे सगळे तोच बघतो.

मला चावी द्यावी लागत नाही की सेल घालावा लागत नाही. माझ्या प्रत्येक पेशीत जनुके आहेत. जनुक म्हणजे वहीत लिहून ठेवलेली कृती समजा. दिवस उजाडला की काही पाने उघडतात आणि त्यांत बघून पेशी प्रथिने बनवू लागते. बनवते, बनवते, संध्याकाळपर्यंत ढीग लावते. मग गंमत अशी, की हीच प्रथिने माघारी येतात आणि ज्या पानांवरून आपण बनलो तीच पाने मिटून टाकतात. काम थांबते. रात्रभरात जुनी प्रथिने मोडून संपतात, पाने पुन्हा उघडतात. ही एक फेरी म्हणजे माझा एक दिवस.

आता माझा दोष सांगतो, लपवून काय करू? माझी फेरी चोवीस तासांत बसत नाही. मला वर पंचवीस मिनिटे लागतात. बहुतेकांचे थोडेफार असेच असते, पण कुणाला ते कळत नाही, कारण रोज सकाळी आमचा कान पिरगाळायला उजेड येतो. डोळ्यांच्या मागच्या पडद्यात काही निराळ्या पेशी असतात. माणसे, झाडे, रंग दाखवणे हे त्यांचे काम नव्हे. उजेड आहे की नाही, एवढेच त्या बघतात आणि थेट माझ्या दारात निरोप पोचवतात. निरोप आला की माझ्या पेशींतली ती जनुके तडक कामाला लागतात, आणि मागे पडलेली पंचवीस मिनिटे मी भरून काढतो. रोजची पंचवीस मिनिटे, रोज सकाळी. एवढ्यावर माझे सगळे आयुष्य चालले होते.

माझा माणूस रंगारी होता म्हणालो ना? शिडीवर चढून गाणारा, खाली उतरला की सगळ्यांची टिंगल करणारा. उजाडायच्या आत कामावर हजर. मुकादम म्हणायचा, "तू आलास म्हणजे सहा वाजले, मला घड्याळ बघायला नको." हे कौतुक खरे तर माझे होते. पण मी मनाला लावून घेतले नाही.

मग एक दिवस पिंपात चुना भिजवताना तो खदखदून वर उडाला आणि दोन्ही डोळ्यांत गेला. तिथल्या लोकांनी घाबरून फडक्याने डोळे पुसले. आधी भरपूर पाणी ओतायला हवे होते, ते कुणाला सुचले नाही. डोळ्यांचा पुढचा भाग पांढरा झाला, पुढे आत दाब वाढला आणि मागच्या नसा एकेक करून वाळल्या. वर्षभरात त्याला काही म्हणजे काही दिसेनासे झाले. दिवा लावला काय, विझवला काय, त्याला सारखेच. तेव्हा तो तिशीतही नव्हता आणि त्याची मुलगी पाळण्यात होती.

पण ऐका, माझ्या दारात येणाऱ्या थोड्या नसा वाचल्या होत्या! त्या कशा तग धरून राहिल्या कुणास ठाऊक. पांढऱ्या डोळ्यांतून गाळून गाळून जो काही उजेड आत यायचा, तेवढा त्यांना पुरायचा आणि तेवढा मला पुरायचा. माझ्या माणसाला त्याची गंधवार्ता नव्हती. सकाळी तो दाराच्या पायरीवर चहा घेऊन बसायचा, तोंड उन्हाकडे करून. त्याला वाटायचे, ऊब लागते म्हणून बसतो. मी मात्र आत माझे काटे जुळवत असायचो. आंधळा झाल्यावरही त्याचा एक दिवस कधी चुकला नाही, तो यामुळे.

तो वेताच्या खुर्च्या विणायला शिकला. कारखान्यात एका लांब बाकावर सहा-सात जण बसत, ओला वेत मांडीवर घेऊन. बोटांनी बघायचे काम, त्यामुळे तो चटकन तयार झाला. त्याच बोटांनी तो मुलीच्या वेण्या घालायचा. बायको दवाखान्याच्या धुलाईघरात इस्त्रीला होती, तिची पाळी सहाला सुरू व्हायची. मग सकाळी पायरीवर बाप आणि लेक दोघेच. तिचे नाव काही का असेना, तो तिला भिंगरी म्हणायचा, कारण ती एका जागी बसत नसे.

"हलू नकोस गं भिंगरे, वीण सुटते!"

"मी खुर्ची आहे का, बाबा?"

"खुर्ची बरी. ती निदान गप्प बसते."

चार पदरी, पाच पदरी, वेताच्या विणीसारख्या त्या वेण्या बघायला वर्गातल्या मुली मधल्या सुट्टीत गोळा व्हायच्या. भिंगरी मान ताठ करून फिरायची. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली ती सगळ्यांत सुखाची वर्षे. मला कुणी ओळखत नव्हते, पण माझ्यामुळे एक बाप वेळेवर उठत होता आणि एक मुलगी रोज विंचरलेल्या केसांनी शाळेत जात होती.

भिंगरी तेरा वर्षांची झाली आणि तिच्या बापाचा उजवा डोळा दुखू लागला. साधे दुखणे नव्हे. माणूस भिंतीवर डोके टेकून उभा राहायचा. डॉक्टरीणबाईंनी तपासले. चांगल्या बाई होत्या, हात हलका, बोलणे सरळ. त्यांनी आधी उजव्या, मग डाव्या डोळ्यावर विजेरी धरली.

"काही कळतंय?"

"नाही."

"आता?"

"नाही हो बाई. कधीपासूनच नाही."

अहो, त्याला नाही कळत, मला कळते! तुमच्या विजेरीचा उजेड आत्ता माझ्या दारात आला होता! मी आतून ओरडत होतो. पण मला ना तोंड, ना आवाज. बाईंनी कागदावर लिहिले, उजेडाची जाणीव नाही. झोप कशी लागते, सकाळी आपसूक जाग येते का, हे त्यांनी विचारले नाही. त्यांच्या मनात काही वाईट नव्हते. तो एक प्रश्न तेवढा राहून गेला.

"उजवा काढायला लागेल," त्या म्हणाल्या. "डावा शांत आहे, तो राहू दे हवं तर. किंवा दोन्ही काढून दोन्हीकडे काचेचे बसवू, म्हणजे दिसायला सारखे दिसतील. तुमची मर्जी."

घरी आल्यावर तो विषय निघाला. बायको म्हणाली, "कशाला उगाच दुसऱ्याला हात लावायचा? राहू दे की." मग भिंगरी बोलली, आधी हळू, मग एकदम बांध फुटल्यासारखी.

"बाबा, दोन्ही काढा ना. एक काचेचा आणि एक तो पांढरा, म्हणजे अजूनच भयंकर दिसेल. तुम्हाला माहीत नाही. तुम्ही शाळेत आलात ना, तेव्हा ती लहान मुलं रडली. माझ्या मैत्रिणी घरी येत नाहीत. मी कुणाला सांगत नाही, पण..." आणि ती रडू लागली. "दिसत तर नाहीच त्यानं. मग ठेवून काय उपयोग?"

तिच्यावर रागावू नका, मित्रांनो. तेरा वर्षांची पोर ती. तिला बाप सुंदर दिसायला हवा होता, बस. आणि तिचे म्हणणे मोठ्यांनाही पटले, कारण ऐकायला ते सरळच होते.

माझ्या माणसाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला. "एवढंच ना? अगं मग आधी नाही का सांगायचं! दोन्ही काढून टाकू. नाहीतरी भाडं न देणारे भाडेकरू ते."

आठवड्याने दोन्ही डोळे काढले. त्या दिवशी माझ्या दारातला निरोप थांबला, तो कायमचा.

जखम भरायला दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत तो भलत्या वेळी झोपला, भलत्या वेळी जागला. सगळे म्हणाले, औषधांचा परिणाम आहे, होईल ठीक. आणि खरेच, डोळे बसवायला जायच्या सुमारास तो पुन्हा रात्री दहाला झोपून सकाळी सहाला उठू लागला. का, ते मला विचारा. रोज पंचवीस मिनिटे मागे पडत पडत मी दोन महिन्यांत पूर्ण चक्कर मारून जागेवर आलो होतो. योगायोग होता तो. त्यांना वाटले, बरा झाला.

दवाखान्यात एका ट्रेमध्ये काचेचे डोळे मांडले होते. भिंगरी एकेक बापाच्या चेहऱ्याशी धरून बघत होती. "हा नको, काळा आहे. हा... हा बघ आई. पिवळसर तपकिरी. असेच होते ना?" आईने पदराला डोळे पुसले आणि मान हलवली. पुढच्याच आठवड्यात शाळेत पालकांची सभा होती. भिंगरी बापाचा हात धरून त्याला सगळ्या वर्गासमोरून घेऊन गेली. हळूहळू, मुद्दाम, सगळ्यांना दिसेल असे. "हे माझे बाबा." त्याची छाती अशी फुगली होती की शर्टाची गुंडी तुटते की काय! तो दिवस मला आजही काढून टाकावासा वाटत नाही.

आणि मग मी घसरू लागलो.

मित्रांनो, हे नीट समजून घ्या, कारण त्याच्या घरात ते कुणालाच समजले नाही. माझी जनुके बिघडली नव्हती. पाने उघडत होती, मिटत होती, फेरी सुरू होती. पण बाहेर कधी उजाडले हे सांगणारे कुणी उरले नव्हते. मी माझ्या चालीने चाललो होतो. आज झोप दहाला, उद्या दहा पंचवीसला, परवा पावणेअकरा-अकराला. पंधरा दिवसांत तो पहाटे चारला झोपू लागला. महिन्याने दिवस त्याची रात्र झाली आणि रात्र त्याचा दिवस. मग पुन्हा सरकत सरकत महिन्याने जागेवर. आठेक दिवस सगळे झकास. परत तेच.

त्याने काय नाही केले? मोठ्या आवाजाचा गजर आणला. गजर त्याच्या कानांना उठवायचा, मला नाही. तो उठून बसायचा आणि अंग सगळे झोपेत. बाकावर वेत विणताना मान लुढकायची, एकदा वेताची सुरी अंगठ्यात घुसली. कुणीतरी कुजबुजले, हा पितो. पिणे? त्या माणसाने आयुष्यात थेंबाला शिवले नव्हते! कारखाना चालवणाऱ्या बाईंनी दोनदा समज दिली, तिसऱ्यांदा हिशेब हातात दिला आणि म्हणाल्या, घरी बसून सुटे काम करा. झोपेच्या गोळ्या झाल्या, काढे झाले, डोक्याला तेल झाले. बायको दमून यायची आणि ऐन जेवणाच्या वेळी नवरा घोरताना बघायची. तिचाही कधी तोल जायचा.

"अहो, जगाला दिवस आहे, तुम्हालाच कसा नाही?"

"मला काय माहीत गं? मी मुद्दाम करतो का?"

"मी कुठं म्हणतेय मुद्दाम करता?" ती म्हणायची. पण म्हणताना तिचीही खात्री नसायची, आणि ते त्याला ऐकू यायचे. आंधळ्या माणसाला आवाजातले सगळे ऐकू येते.

सकाळच्या वेण्या बंद झाल्या. भिंगरी केस आपले आपण बांधू लागली, मग तिने ते कापूनच टाकले. आधी ती बापाला हलवून उठवायची. मग नुसती हाक मारायची. मग तेही सोडून दिले. मैत्रिणी आता घरी येत होत्या, पण आल्या की ती आतल्या खोलीचे दार ओढून घ्यायची. "बाबा झोपलेत." भर दुपारी! मैत्रिणी एकमेकींकडे बघायच्या. बापाच्या डोळ्यांची लाज गेली आणि झोपेची आली. मला काय वाटत असेल, सांगा. सगळा दोष माझा, आणि आळशी तो ठरत होता.

अठराव्या वर्षी भिंगरीला लांबच्या गावी जमीन मोजणीच्या शिक्षणाला जागा मिळाली. एवढ्या मुलांत तिची निवड झाली होती. जायचा दिवस ठरला, बस सकाळी अकराची. त्या दिवशी सकाळचे अकरा म्हणजे माझे पहाटेचे तीन वाजणार होते. मला ते पंधरा दिवस आधीपासून ठाऊक होते. फेरी थांबवता येत नव्हती, लवकर संपवता येत नव्हती. उजेडाचा एक निरोप मिळाला असता तर थोडे तरी जमवले असते.

आई पहाटेच पाळीवर गेली, ती परस्पर स्टँडवर येणार होती. भिंगरीला शाळेतून दाखला घ्यायचा होता म्हणून ती आठ वाजता बॅग घेऊन निघाली. दारात थांबून म्हणाली, "बाबा, साडेदहाला शेजारच्या काकू येतील तुम्हाला न्यायला. झोपू नका हं."

"आज? आज कोण झोपतंय! जा तू, मी येतोच."

"नक्की ना?"

"नक्की गं."

तो रात्रभर जागाच होता. इस्त्रीचा शर्ट घातला. खाली बसायचे नाही असे त्याने ठरवले होते. खोलीत येरझारा घातल्या, तीनदा गार पाण्याने तोंड धुतले, मांडीला चिमटे काढले. मी बघत होतो आणि मलाच माझी लाज वाटत होती, कारण माझ्या घरात मध्यरात्र होती आणि मी त्याच्या अंगभर झोप धाडत होतो. ते माझे काम आहे. मला दुसरे येत नाही. दहा वाजता तो बूट घालायला खुर्चीवर टेकला. एक बूट पायात गेला. दुसरा हातात राहिला.

काकू आल्या, दार वाजवले, हाका मारल्या. आत चिटपाखरू हलले नाही. त्यांना वाटले, पोरगी बरोबर घेऊन गेली असेल. त्या परत गेल्या.

तिकडे बस उभी होती. भिंगरी पायरीवर एक पाय ठेवून रस्त्याकडे बघत राहिली. कंडक्टरने दोनदा घंटी वाजवली. आई म्हणत होती, येतील, अजून येतील, एवढ्यात येतील. हे सगळे मला नंतर आईच्या तोंडून कळले. शेवटी भिंगरी आत जाऊन बसली आणि खिडकीतून म्हणाली, "त्यांना सांग, झोप पूर्ण करा म्हणावं."

त्याला जाग आली तेव्हा रेडिओवर चारच्या बातम्या लागल्या होत्या. तो ताडकन उठला आणि तसाच एका बुटाने दारापर्यंत धडपडत गेला. समोरून बायको येत होती.

"अगं, बस... जरा उशीर झाला असेल ना? थांबवली असेल ना तिनं?"

बायकोने त्याच्या हातातला बूट काढून घेतला. "चला आत," एवढेच म्हणाली.

संध्याकाळी त्याने वसतिगृहाला फोन लावून तिला बोलवायला सांगितले. भिंगरी आली. तो म्हणाला, "बाळा, मी तयार होतो गं, शपथ, मी तयार होऊन बसलो होतो..."

"असू द्या बाबा. सवय आहे," ती म्हणाली.

तिचा आवाज रागावलेला असता तर बरे झाले असते. त्या रात्री तो जागा होता, कारण माझा दिवस होता, आणि रडायला काचेच्या डोळ्यांची आडकाठी नसते.

मग वर्षे गेली. भिंगरी शिकली, तिकडेच नोकरीला लागली. रविवारी फोन यायचा, आईशी बोलायची. "बाबा?" "झोपलेत गं." "बरं." कधी तो जागा असायचा तेव्हा दोन वाक्ये. तब्येत? बरी. जेवलीस? जेवले. ती घरी आली ती सात वर्षांत तीनदा, आणि त्यातल्या दोनदा मी नेमका उलट्या बाजूला होतो.

सातव्या वर्षी बायकोनेच वाट काढली. धुलाईघरातून चादरी पोचवताना तिला कळले की दवाखान्यात झोपेचे एक नवे डॉक्टर आले आहेत. नवऱ्याला घेऊन ती त्यांच्याकडे गेली. तरुण मुलगा होता तो. त्याने एक वही दिली आणि सांगितले, दोन महिने रोज लिहा, कधी झोपले, कधी उठले. बायकोने एक दिवस चुकवला नाही. दोन महिन्यांनी डॉक्टरने ते सगळे एका कागदावर रेघांनी मांडले. प्रत्येक रेघ वरच्या रेघेपेक्षा थोडी उजवीकडे सरकलेली, थेट खालपर्यंत, जिन्याच्या पायऱ्यांसारखी.

"काकू, हे बघा! केवढं सरळ आहे!" तो खुर्चीतून उठलाच. "काका, तुम्ही आळशी नाही. तुमच्या डोक्यातलं घड्याळ मोकळं सुटलंय."

काय सांगू तुम्हाला! जन्मापासून इमाने चाललो, आणि पहिल्यांदा कुणीतरी माझे नाव घेतले. त्याने सगळे समजावून सांगितले, जनुके, प्रथिने, सकाळचा उजेड, डोळ्यांतल्या त्या निराळ्या पेशी. माझ्या माणसाने मान खाली घालून ऐकले. मग डॉक्टरने सहज विचारले, "डोळे काढायच्या आधी झोप कशी होती?"

"छान होती. वेळेवर."

"म्हणजे दिसत नसलं तरी उजेड आत पोचत होता. एक डोळा राहिला असता तरी कदाचित..." तो थांबला. "दोन्ही काढावेच लागले का?"

बायको एकदम म्हणाली, "नाही हो, डावा तर बरा होता, पण आमच्या पोरीनं..."

माझ्या माणसाने तिचा हात असा दाबला की तिच्या बांगड्या रुतल्या. "दोन्ही दुखत होते, डॉक्टर," तो म्हणाला. "दोन्ही काढावेच लागले."

घरी आल्यावर दार लावून घेऊन तो म्हणाला, "हे तिला कळता कामा नये."

"अहो! इतकी वर्षं ती तुम्हाला ऐदी समजतेय. तुमच्याशी धड बोलत नाही. आता कारण सापडलंय तर सांगायचं नाही?"

"कारण काय आहे, ऐकलंस ना? ती तेरा वर्षांची होती. रडून म्हणाली, दोन्ही काढा. आता तिला सांगू, की बाळा, तू माझा दिवस काढून घेतलास? बाप आळशी होता असं समजून ती जगतेय ना नीट? जगू दे. ते दुःख जुनं झालंय, अंगवळणी पडलंय तिच्या. हे नवं कशाला द्यायचं?"

"आणि तुमचं काय?"

"माझं काय? मी झोपलो होतो, हे खरंच आहे की."

बायको कितीतरी वेळ रडली. मग तिने वचन दिले.

डॉक्टरने एक गोळी दिली होती. अंधार पडला की मेंदू अंगभर जो निरोप धाडतो, तोच त्या गोळीत होता. रोज संध्याकाळी ठरल्या वेळी घ्यायची. उजेडाची सर तिला नाही, पण मला धरायला काहीतरी मिळाले. माझी चक्कर फिरत फिरत बरोबर जागी आली तेव्हा मी ती गोळी जी घट्ट धरली, ती अजून सोडली नाही. तो पुन्हा सकाळी सहाला उठू लागला.

त्यानंतर भिंगरी आली. सकाळी उठून बाहेर आली तर बाप पायरीवर. ती थबकली.

"उठलात?"

"केव्हाच. चहा घेतेस?"

ती त्याच्याजवळ बसली. कप हातात फिरवू लागली. मग म्हणाली, "आता बरं जमतं उठायला. तेव्हा एक दिवस, एकच दिवस जमला नाही का, बाबा? मी बसच्या पायरीवर उभी होते. मला वाटत होतं, येतील. शेवटपर्यंत वाटत होतं. का झोपलात?"

मित्रांनो, तिथेच सगळे फिरले असते. एक वाक्य पुरे होते. आत चुलीपाशी आई हातातले भांडे धरून उभी होती. मी माझ्या वीस हजार पेशींनिशी वाट बघत होतो. सांग रे बाबा. सांगून टाक.

तो म्हणाला, "आळस गं, भिंगरे. दुसरं काय?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्या पिवळसर तपकिरी डोळ्यांत, तिनेच निवडलेल्या. "निदान एखादं कारण तरी सांगायचं होतंत," ती म्हणाली. "खोटं का होईना." आणि कप तसाच ठेवून आत गेली. दुपारी निघाली तेव्हा तो पोचवायला उठला, काठी घेतली, चपला घातल्या. ती म्हणाली, "राहू द्या. तुम्ही आराम करा."

तो दारात उभा राहिला. पूर्ण जागा. तिची पावले कोपऱ्यावर जाईपर्यंत ऐकत राहिला, आणि ऐकू येईनाशी झाल्यावरही राहिला.

आता मी थकलो आहे. माझी एवढीच विनंती आहे. सकाळी थोडा वेळ तरी उजेडात जा, तुमच्या आतला माझा भाऊबंद वाट बघत असतो. कुणी भलत्या वेळी झोपले असेल तर त्याला आळशी म्हणण्याआधी त्याच्याजवळ बसा, विचारा. आणि जे तुम्हाला निरुपयोगी वाटते ते टाकण्याआधी एकदा थांबा. त्याच्यावर कुणाचे काय चालले आहे, ते तुम्हाला दिसत नसेल.

हे सगळे मी आजवर कुणाला सांगितले नव्हते. तुम्हाला सांगितले, कारण कुणालातरी सांगितल्यावाचून राहवेना. जमीन मोजणारी, आखूड केसांची, एका जागी न बसणारी एक बाई तुम्हाला कुठे भेटली, आणि वडिलांचा विषय निघाल्यावर तिने तोंड फिरवले, तर मित्रांनो, पाया पडतो तुमच्या, तिला हे सांगू नका.